गाडीचे काळे पार्ट घरी रंगवताना शाईन किती ठेवायची आणि ती आणायची कशी

बाबांची ९७ ची मारुती एटहंड्रेड मी घरीच थोडी थोडी नीट करायला घेतली तेव्हा पहिलं काम म्हणून वायपरचे आर्म काढले. सोपं वाटलं होतं, दोन लोखंडी दांडे, गंज घासायचा, काळा मारायचा, परत लावून टाकायचे. नाना पेठेतून स्प्रेचा कॅन आणला, त्यावर नुसतं ब्लॅक लिहिलेलं, मारला आणि आरशासारखे झाले, आई पण म्हणाली छान दिसतायत. मग एका संध्याकाळी पौड रोडनी चांदणी चौकाकडे निघालो, सूर्य बरोब्बर समोर, आणि त्या दांड्यांवरून ऊन असं थेट डोळ्यात की वनाजच्या पुढे गाडी कडेला घेऊन मी दोन्ही आर्मना चक्क मास्किंग टेप गुंडाळली. कंपनी वायपर आर्म डल का ठेवते हे तेव्हा डोक्यात शिरलं, डॅशबोर्डचा वरचा भाग मॅट असतो तो पण त्याचसाठी, काचेत प्रतिबिंब पडू नये म्हणून.

नंतर आमच्या इथल्या पेंटरमामांना विचारायला गेलो तर ते म्हणाले, "शाईन पाहिजे का डल?" मी म्हटलं मामा, मधलं पाहिजे. "मधलं काय नसतं साहेब, एकतर चमकतं नाहीतर नाही." मामांचा हात सोन्यासारखा आहे, पण इथे ते चुकत होते, मधलं असतं आणि जवळजवळ सगळा खेळ त्या मधल्याचाच आहे. एकाच गाडीवर काळा तीन-चार प्रकारचा असतो, खांबावरचा काळा पट्टा वेगळा, ग्रिल वेगळी, खालचे ब्रॅकेट आणि सस्पेन्शनचे आर्म वेगळे, बंपरचं दाणेदार प्लास्टिक अजून वेगळं. सगळ्यांना एकाच कॅननी झोडपलं की गाडी नवी नाही, रंगवलेली दिसते.

आधी चकाकी मोजायची कशी ते सांगतो. त्यासाठी ग्लॉस मीटर नावाचं यंत्र असतं, ते पार्टवर ठरलेल्या कोनातून उजेड टाकतं आणि परत किती आला ते बघतं. नेहमीचा कोन ६० डिग्री, फार चकचकीत असेल तर २० नी बघतात आणि अगदी मॅट असेल तर ८५ नी. पॉलिश केलेली काळी काच म्हणजे १०० असं धरलेलं असतं. ढोबळमानाने ६० डिग्रीला १० च्या खाली आलं तर मॅट, २५ ते ४० सॅटिन, ५० ते ७० सेमी ग्लॉस, आणि ८५ च्या वर गेलं की फुल ग्लॉस. हे आकडे प्रत्येक रंग कंपनी आपल्या सोयीने पुढेमागे करते, एकाचं सॅटिन ते दुसऱ्याचं सेमी ग्लॉस, म्हणून डब्यावरच्या नावावर विश्वास ठेवून पैसे घालवू नका.

मीटर घ्यायची काही गरज नाहीये, घरातली ट्यूबलाईट पुरते. पार्ट ट्यूबखाली धरा आणि ट्यूबचं प्रतिबिंब बघा. कडा एकदम धारदार, ट्यूबच्या टोकाची पिन पण दिसतेय तर तो ग्लॉस. ट्यूबचा आकार कळतोय पण कडा मऊ झाल्यात, गरम पाण्याने अंघोळ केल्यावर बाथरूमच्या आरशावर वाफ असावी तशा, तर सेमी ग्लॉस. ट्यूब दिसतच नाही, नुसता एक लांबट उजळ पट्टा दिसतो आणि पार्ट हलवला की तो सरकतो, तर सॅटिन. आणि समोरून बघितल्यावर काहीच दिसत नाही पण एकदम आडवं, डोळ्याच्या रेषेत धरलं की थोडी चमक येते, तर मॅट. त्या शेवटच्या चमकेनी घाबरू नका, आडव्या कोनातून मॅट पण चमकतंच.

दुसरी युक्ती पेपरची. पार्ट टेबलावर आडवा ठेवून त्याच्या मागे सकाळचा पेपर उभा धरायचा आणि मोठ्या अक्षरातली हेडलाइन प्रतिबिंबात वाचायचा प्रयत्न करायचा, मग पेपर हळूहळू मागे न्यायचा. जिथे अक्षरं गिचमिड होतात ते अंतर पट्टीने मोजून लिहून ठेवा. जुना पार्ट आणि नवीन पार्ट, दोघांचं अंतर जवळपास सारखं आलं की जमलं. ऐकायला येडेपणा वाटेल पण नुसत्या नजरेपेक्षा हे कितीतरी भरवशाचं आहे, कारण डोळा फार लवकर सरावतो आणि अर्ध्या तासाने आपल्याला आपलंच काम बरोबर वाटायला लागतं.

आता मुळात चकाकी किती होती ते कसं कळणार? वीस-पंचवीस वर्षं उन्हात उभ्या गाडीचा काळा रंग वरून फटफटीत झालेला असतो, त्याला बघून मॅच केलं की तुम्ही म्हातारपण मॅच केलंत. लपलेली जागा शोधा, नंबर प्लेटच्या मागे, ब्रॅकेट जिथे बॉडीला टेकतं ती आतली बाजू, रबराच्या खाली, बॉनेटच्या बिजागरीच्या पाठीमागे. तिथली धूळ भांडी घासायच्या लिक्विडने धुवा, पॉलिश अजिबात लावू नका नाहीतर खोटी चमक येईल, आणि मग ट्यूब आणि पेपर. माझ्या ग्रिलच्या क्लिपखाली रुपयाएवढा मूळचा रंग शिल्लक होता, त्यावर सगळं ठरवलं.

माझा साधारण हिशोब असा आहे, कोणाचा वेगळा असू शकतो. वायपर आर्म आणि काचेखालची जाळी मॅट किंवा कमी सॅटिन. ग्रिल, आरशाचा सांगाडा, दाराचे हँडल हे सॅटिन. खालचे ब्रॅकेट, स्टीलचे रिम, बॅटरीचा ट्रे हे सेमी ग्लॉस, कारण चिखल त्यावरून धुवायला सोपा जातो, मॅटवर पुण्याचा पावसाळी चिखल बसला की ब्रशने घासल्याशिवाय निघत नाही. फुल ग्लॉस फक्त बॉडीचाच भाग समजायचा पार्ट असेल तरच. एका मित्राने जुन्या जीपची चासी हाय ग्लॉस क्लियर, म्हणजे वरचा बिनरंगी थर, मारून चकाचक केली, खाली वाकून बघितलं की नाकापेक्षा मोती जड, वरची बॉडी त्याच्यापुढे मळकी दिसते.

चकाकी येते आणि जाते कशामुळे हे एकदा समजलं की बाकी बरंचसं आपोआप सुचतं. रंगाचा वरचा थर जितका सपाट तितका उजेड एकाच दिशेने परत जातो आणि चमक दिसते, थर बारीक खडबडीत असेल तर उजेड विखुरतो. मॅट आणि सॅटिन रंगात सिलिकाची बारीक पूड मुद्दाम घातलेली असते, थिनर उडून थर आकसला की ते कण वर डोकं काढतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो, बोटाला न कळण्याइतका पण उजेडाला कळण्याइतका. म्हणजे दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ती पूड जड असते, डब्याच्या तळाशी जाऊन बसते. दोन, थर फार जाड आणि ओला दिला तर कण आत बुडून जातात आणि सॅटिनचा कॅन ग्लॉस देतो.

पहिलीसाठी, कॅन हलवा. म्हणजे खरंच हलवा. आतली गोळी खडखडायला लागल्यानंतर घड्याळ लावून दोन मिनिटं, मध्येमध्ये उलटा करून, आणि काम चालू असताना दर दोन-तीन मिनिटांनी परत. आपण सगळे दहा-पंधरा वेळा खडखड करतो आणि लागतो कामाला, मग पहिला आर्म चकचकीत आणि शेवटचा राखेसारखा, आणि शिव्या दुकानदाराला. कॅन थंड असेल तर पूड लवकर सुटत नाही आणि प्रेशर पण कमी येतं, डिसेंबर-जानेवारीत सकाळी तर नक्कीच. तेव्हा अंघोळीच्या पाण्याइतक्या कोमट पाण्यात दहा मिनिटं उभा करून ठेवा. गॅसवर नाही, उकळत्या पाण्यात नाही, ५० डिग्रीच्या वर कॅन जाता कामा नये, फुटतो.

दुसऱ्या गोष्टीसाठी नमुना करा. ही पायरी लोक गाळतात आणि मी पण दोनदा गाळली. तेलाच्या पत्र्याच्या डब्यातून पोस्टकार्डाएवढे सहा-सात तुकडे कापून घ्या, कडा घासून बोथट करा, पार्टवर जो प्रायमर मारणार तोच त्यावर मारा आणि मग एकेकावर वेगळ्या पद्धतीने रंग. एकावर दोन पातळ हात, एकावर तीन, एकावर एक भरून ओला हात, एकावर लांबून. मागे मार्करने लिहा, कुठला कॅन, किती हात, किती अंतर, किती वाजता, ऊन का ढग. दुसऱ्या दिवशी हे तुकडे पत्त्यांसारखे मांडून बसलात की एकाच कॅनमधून किती वेगवेगळे काळे निघतात ते बघून हसायला येतं. माझ्याकडे सॅटिनच्या एकाच कॅनचे पाच पत्ते आहेत, एका टोकाचा मॅट म्हणून खपेल आणि दुसऱ्या टोकाचा सेमी ग्लॉस म्हणून. सराव मोठ्या पार्टवर करायचा असेल तर बुधवारी किंवा रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात एखादा भंगारातला पत्रा घेऊन या आणि त्याच्यावर हात साफ करा.

नमुन्याचा निकाल लगेच लावू नका. ओला रंग नेहमीच चमकतो. सॅटिन मारल्यावर पहिली वीस-पंचवीस मिनिटं पोटात गोळा येतो की अरे हा तर ग्लॉस दिलाय दुकानदाराने, मग कडेपासून आत हळूहळू चमक विझत जाते, बघत बसायला मजा येते खरं तर. पण बोटाला सुकला म्हणजे झाला असं नाही, किमान २४ तास जाऊ द्या मग ट्यूबखाली धरा, आणि इनॅमल असेल तर आठवडाभर सुद्धा थोडा उतरतो.

आता खालची तयारी. रंग खालचं काही लपवत नाही, काळा तर मुळीच नाही. गंज असेल तर तो ब्रशने, ८० नंबरच्या पॉलिश पेपरने वगैरे काढून पत्र्यापर्यंत जा, मग १८०, मग ३२० नंबरचा पॉलिश पेपर, मग प्रायमर. लांबी म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी लागणार असेल तर आधी लांबी, कोरडी झाल्यावर घासून मग प्रायमर, लांबीवर थेट रंग मारला तर ती रंग पिते आणि तेवढ्या ठिकाणी डल डाग दिसतो. प्रायमर सुकल्यावर सॅटिन किंवा मॅटसाठी ४०० नंबर पुरे, पण सेमी ग्लॉसला ६०० आणि फुल ग्लॉसला ८०० चा पाणी पेपर मारूनच पुढे जा, नाहीतर पेपरचे ओरखडे वर येतात, आणि तुम्हाला वाटतं शाईन कमी आली. शाईन कमी नसते, खाली रेघा असतात. प्रायमर काळा किंवा गडद करडा घ्या, म्हणजे दगड लागून टवका उडाला तरी पांढरं डोकावत नाही.

घासून झालं की साबणाने धुवा, वाळवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि त्यानंतर हात लावायचा नाही. बटाटेवडा खाऊन त्याच हाताने पार्ट उचलला तर बोटांच्या ठशांवर रंग फाटतो, सांगतोय ते अनुभवाने. प्लास्टिकचे पार्ट असतील तर अजून एक भानगड, बंपर आणि जाळ्या बहुतेक पॉलिप्रोपिलिनच्या असतात, त्याला रंग धरत नाही, आधी प्लास्टिक प्रायमर म्हणजे अॅडहिजन प्रमोटर मारावाच लागतो आणि तो सांगितलेल्या वेळातच रंगाने झाकावा लागतो. दाणेदार प्लास्टिकवर हात पातळ ठेवा, जाड रंगाने दाणे बुजले की त्याची चकाकी बदलते, आणि घासायला तर जाऊच नका, दाणे गेले की परत येत नाहीत.

मारताना २० ते ३० सेंटीमीटर अंतर, साधारण एक वीत आणि वर चार बोटं. सुरुवात पार्टच्या बाहेरून, बोट सोडायचं पण पार्टच्या बाहेर गेल्यावर. आधीच्या पट्ट्यावर अर्धा पट्टा चढला पाहिजे. मनगट वळवून पंखा फिरवल्यासारखं नाही मारायचं, त्याने मधे जवळ आणि कडेला लांब होतं, मधे चमक आणि कडेला डल, पूर्ण हात सरळ रेषेत न्यायचा, इस्त्री करताना जसा जातो तसा. पहिला हात अगदी धुक्यासारखा, खालचं दिसलं तरी चालेल. पाच-दहा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. सॅटिन आणि मॅटमध्ये शेवटचा हात आधीच्याला काटकोनात द्या, नाहीतर वाघाच्या अंगावरचे पट्टे उठतात, आणि उन्हात गेल्यावरच दिसतात, पार्किंगमध्ये नाही.

पार्ट गाडीवर ज्या स्थितीत असतो त्याच स्थितीत टांगून मारा, उभा पार्ट उभाच. आणि जोडीचे पार्ट, दोन आरसे, दोन वायपर आर्म, चार रिम, हे एकाच बैठकीत, एकाच कॅनमधून, शेवटचा हात सगळ्यांना लागोपाठ. मी एक आरसा शनिवारी आणि दुसरा पुढच्या शनिवारी केला होता, दोन्ही चांगले झाले होते पण गाडीवर एकत्र बघितले की एक डोळा झोपलेला वाटायचा.

थर चढवायच्या वेळेचं डब्यावर जे लिहिलंय ते खरंच वाचा. काही इनॅमल स्प्रेंवर लिहिलेलं असतं की एका तासाच्या आत पुढचा हात द्या नाहीतर मग ४८ तासांनी. मधल्या वेळात दिला तर खालचा अर्धवट सुकलेला थर फुगतो आणि दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या पडतात, मग सगळं घासून परत पहिल्यापासून.

आता पुण्याच्या हवेबद्दल, कारण इथे माझं सगळ्यात जास्त नुकसान झालंय. ऑगस्टमध्ये, चार दिवस पाऊस, पाचव्या दिवशी उघडीप मिळाली म्हणून मी गच्चीवर ग्रिल घेऊन गेलो. जमीन ओली, हवा चिकट, पण ऊन होतं ना. रंग मारला, मस्त काळा दिसला, चहा घेऊन वर आलो तर ग्रिलवर दुधी झाक, जणू कोणी पिठाचा हात पुसलाय. झालं काय, तर थिनर झपाट्याने उडताना पार्टचा पृष्ठभाग थंड करतो, हवेतली वाफ त्यावर पाणी होऊन बसते आणि रंगात अडकते. ड्युको म्हणजे एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगात हे सगळ्यात जास्त होतं. त्याला उपाय आहे, कोरड्या दिवशी वरून रिटार्डर म्हणजे हळू उडणाऱ्या थिनरचा अगदी हलका शिडकावा दिला की बरेचदा पांढरेपणा विरघळून निघून जातो, पण त्यात चकाकी वाढते, म्हणून सॅटिनवर परत एक रंगाचा हात द्यावाच लागतो. त्यापेक्षा हवेतला दमटपणा ७० टक्क्यांच्या वर असेल तर काम काढूच नका, मोबाईलमध्ये हवामानात आकडा दिसतो. आणि पत्रा हाताला गार लागत असेल तर थांबा, नियम असा आहे की पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते त्यापेक्षा, कमीत कमी ३ डिग्री वर पाहिजे.

उलट टोक म्हणजे एप्रिल-मेची दुपार. चाळिशीला टेकलेलं ऊन, पत्रा तापलेला, रंगाचा थेंब पार्टपर्यंत पोचायच्या आत अर्धा सुकतो आणि धुळीसारखा बसतो. बोट फिरवलं की पॉलिश पेपर, आणि ग्लॉसचा कॅन असून मॅट. लोकांना वाटतं मॅट पाहिजेच होतं ना मग बरं झालं, पण हे मॅट धुताना फडक्याला काळं लागतं आणि दोन पावसात गंज आत जातो, कारण तो थर सलग नसतोच. उन्हाळ्यात सकाळी सातला करा, सावलीत. मला विचाराल तर पुण्यात रंगकामाचे दिवस म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी दहा ते दुपारी चार. संध्याकाळी नको, चिलटं येतात आणि ती काळ्या ओल्या रंगावरच बसतात, त्यांना दुसरी जागा सापडत नाही.

धुळीचं काय करणार, आमच्या चहूबाजूंनी बांधकामं चालू आहेत. मी सुरू करायच्या अर्धा तास आधी फरशीवर सडा मारतो, हिवाळ्यात हवा कोरडी असते म्हणून चालतं, पावसाळ्यात हे करू नका. तरी कण बसलाच तर ओल्या रंगात बोट घालायचा मोह आवरा. ग्लॉसमध्ये नंतर घासून निघतो. मॅट-सॅटिनमध्ये निघत नाही, सुकू द्या, ८०० नी हलकं घासा आणि त्या पार्टला पूर्ण एक हात परत द्या, तेवढ्याच जागी फुसकारा मारला तर कडेने वर्तुळ दिसतं.

कॅनमध्ये मनासारखी चकाकी मिळत नसेल तर गन आणि कॉम्प्रेसरवाल्यांसाठी चांगला रस्ता आहे. पीयू (पॉलियुरेथेन) ग्लॉस काळा घ्यायचा आणि त्याच कंपनीचा मॅटिंग बेस किंवा मॅट क्लियर, आणि कंपनीच्या तक्त्याप्रमाणे मिसळायचं. अंदाजाने नाही, वजनकाट्यावर, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो पण मग तो परत स्वयंपाकघरात नेऊ नका, आमच्याकडे यावरून महाभारत झालंय. मिश्रण ढवळून गाळून घ्या, आणि परत नमुन्याचा पत्ता.

पण पीयू किंवा कुठलाही दोन डब्यांचा, हार्डनरवाला रंग किंवा क्लियर घरी मारायचा विचार असेल तर नीट ऐका, हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, ते एकदा अंगी लागले की आयुष्यभराचा दमा लागू शकतो, आणि करोनातले उरलेले कापडी मास्क त्याला काहीही करत नाहीत. त्याला बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो, म्हणून ते काम मी बूथवाल्याकडेच देतो. साध्या कॅनला सुद्धा कार्ट्रिजवाला मास्क, चष्मा, हातमोजे. आणि बाल्कनीत मारणाऱ्यांनो, तिथे गॅस गिझर लावलेला असतो बरेचदा, आत कोणी नळ सोडला की तो पेटणार, आणि तुमच्या हातात ज्वलनशील गॅसचा फवारा आहे. आधी सिलेंडर बंद.

फुल ग्लॉस पाहिजे असेल तर तो नुसत्या रंगातून कमी आणि वरच्या क्लियरमधून जास्त येतो. क्लियर मारून पूर्ण कडक झाल्यावर, दोन डब्यांवाला असेल तर सुद्धा मी दोन-तीन दिवस जाऊ देतो, मग १५०० चा पाणी पेपर, मग २०००, मग ३०००, मग कंपाउंड म्हणजे घासून चमकवायची पेस्ट आणि फोमचा पॅड. पेपर मारल्यावर सगळं करडं होतं, धीर सोडू नका, कंपाउंडने परत येतं. कडांवर जपून, तिथे थर पातळ असतो आणि एका रगड्यात खालचा रंग दिसायला लागतो. संत्र्याच्या सालीसारखा पोत आलाय म्हणून चमक कमी वाटते, तो पण असाच जातो.

ग्लॉस जास्त झालाय आणि खाली आणायचाय तर? छोट्या पार्टवर, पूर्ण सुकल्यावर, अगदी बारीक स्टील वूल किंवा करड्या स्कॉच ब्राइटने एकाच दिशेने हलकं फिरवलं की सॅटिनसारखं दिसतं, ब्रॅकेटवर खपून जातं. मोठ्या सपाट पार्टवर नको, रेघा दिसतात, तिथे सरळ ६०० नी घासून पाहिजे तो हात परत द्या. उलट, मॅट किंवा सॅटिनला पॉलिश करून वर आणायचा प्रयत्न करू नका, मी ग्रिलच्या एका कोपऱ्यावरचा डाग घालवायला रबिंग कंपाउंड घातलं आणि डाग गेला पण तिथे चकचकीत खिडकी तयार झाली, जी पूर्ण ग्रिल परत रंगवल्याशिवाय गेली नाही.

रिम, ब्रॅकेट, ट्रे असले पार्ट जास्त असतील तर पावडर कोटिंगचा, म्हणजे रंगाची पूड मारून भट्टीत भाजायचा, विचार करा, भोसरी एमआयडीसीत करून देणारे भरपूर आहेत. तिथे गेल्यावर लोक आरएएल ९००५ सांगतात आणि निघून येतात. ९००५ हा फक्त रंगाचा नंबर आहे, गडद काळा, चकाकी त्यात नसते. मॅट का सेमी का ग्लॉस हे वेगळं सांगावं लागतं, शक्य असेल तर तुमचा पत्रा त्यांच्या नमुन्याच्या शेजारी धरून. भट्टी साधारण १८० ते २०० डिग्रीची असते, म्हणून रबरी बुश, प्लास्टिकचे क्लिप, बेअरिंग आधी काढा आणि लांबी भरलेला पार्ट तर देऊच नका. एका ठिकाणी मी सेमी सांगितलं होतं, मिळालं पियानोसारखं चकचकीत, वर "साहेब चांगली शाईन दिलीय एक्स्ट्रा". पावतीवर चकाकी लिहून घ्या.

सायलेन्सर वगैरे गरम होणाऱ्या भागाला उष्णता सहन करणारा वेगळा रंग लागतो, तो बहुतेक मॅटच येतो, तिथे निवड करायला फारसं काही नाही.

लावून झाल्यावर पहिला महिना वॅक्स नाही, पेट्रोलने पुसणं नाही, सर्व्हिसिंगला गाडी दिली तर वॉशिंगवाल्याला आधीच सांगा की काळ्या पार्टवर टायर पॉलिशचा फडका फिरवू नकोस, ते लोक प्रेमाने सगळीकडे फिरवतात आणि तुमचं सॅटिन तेलकट ग्लॉस होतं. झालंच तर साबणपाण्याने निघतं. उरलेला कॅन उलटा धरून नुसता गॅस येईपर्यंत दाबा म्हणजे नोझल चोंदणार नाही, आणि ज्या पत्त्याप्रमाणे शेवटी काम केलं तो पत्ता, मागच्या लिखाणासकट, डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकून ठेवा. माझ्या वायपर आर्मचा पत्ता तिथेच आहे, पीयूसीच्या कागदाला चिकटून बसलाय.